चपलेतून आलेला समुद्र

कोकणातून सुट्टी संपवून घरी आलं की पहिली ओरड होते ती वाळूवरून. बॅग उघडली की वाळू, टॉवेल झटकला की वाळू, चपलेच्या पट्ट्यात वाळू, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की खाली करकरते तीही वाळूच. घरातलं कोणीतरी वैतागून झाडू आणि सुपली घेऊन येतं. दोस्तांनो, अशा वेळी तुम्ही मध्ये पडायचं! सगळी वाळू केरात जायच्या आत मूठभर तरी एका वाटीत वाचवायची.

सहल संपली म्हणून तोंड पाडून बसणारे लोक मला कळतच नाहीत. दोन दिवस गुहागरला किंवा काशीदला होतात, तेव्हा केलंत काय? डुंबलात, किल्ला बांधलात, मासे किंवा मोदक हाणलेत आणि मावळत्या सूर्याला तळहातावर धरून फोटो काढलेत. समुद्राकडे नीट बघायला सवड होती कुठे? ते काम घरीच निवांत होतं. आणि त्यासाठी लागणारं बरंचसं सामान समुद्रानं न मागता तुमच्या सोबत दिलेलं असतं.

वाटीतली चिमूटभर वाळू पांढऱ्या कागदावर पसरा आणि भिंगातून बघा. भिंग नसलं तर कोणाच्या तरी मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. लांबून एकरंगी दिसणारी ती वाळू आता चक्क मिसळ निघेल. काही कण कुळकुळीत काळे, काही काचेचे तुकडे वाटावेत इतके पारदर्शक, काही दुधी, काही फिक्कट गुलाबी आणि एका बाजूनं वळलेले. या सगळ्यांना आपण वाळू म्हणतो ते त्यांच्या आकारावरून. भूशास्त्रज्ञांचा हिशोब असा, की कण साधारण 2 मिलिमीटरपेक्षा लहान आणि 1 मिलिमीटरच्या सोळाव्या भागापेक्षा मोठा असला की तो वाळूचा. मग तो दगडाचा असो, शिंपल्याचा असो, नाहीतर आणखी कशाचा.

आता हे ‘आणखी कशाचा’ ऐकाच. मालदीवच्या जाहिरातीत पांढऱ्याशुभ्र वाळूवर लोळणारी माणसं पाहिली आहेत ना? त्या वाळूतला मोठा वाटा पोपटमाशाच्या शीचा असतो. हा मासा शेवाळ खाण्यासाठी प्रवाळाचे खडक चोचीसारख्या दातांनी कुरतडतो, घशातल्या दातांनी त्यांचा भुगा करतो, पचेल ते पचवतो आणि उरलेली बारीक वाळू मागून सोडून देतो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. तिकडे हवाई बेटांवर पापाकोलिया नावाचा एक किनारा आहे, तिथली वाळू हिरवी. ज्वालामुखीतून आलेल्या ऑलिव्हिन नावाच्या खनिजाचे ते कण.

आपली वाळू यांच्यापुढे साधी वाटते? थांबा, एक चुंबक शोधा. जुन्या स्पीकरमधला मिळाला तर फारच छान, नाहीतर फ्रिजवर चिकटवायचाही चालेल. तो पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवीसकट कोरड्या वाळूवरून फिरवा. ही पिशवी विसरू नका, नाहीतर चुंबकाला चिकटलेले कण काढता काढता रविवार जाईल. फिरवून उचललात की पिशवीला काळी दाढी आलेली दिसेल. बारीक काळे कण एकमेकांना धरून ताठ उभे असतात. पिशवी दुसऱ्या कागदावर धरून आतला चुंबक बाहेर काढा. दाढी झर्रकन गळून पडेल.

हे कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या एका खनिजाचे. ते आले कुठून? सह्याद्रीतून. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीवर डायनोसॉरचे शेवटचे दिवस चालू होते त्या सुमारास, आपल्या भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. थरावर थर साचले, थंड झाले आणि काळा बसाल्ट खडक तयार झाला. पावसानं तो झिजवला. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्यांनी त्याचा चुरा समुद्राला नेऊन दिला. लाटांनी तो पाखडला, हलकं ते लांब नेलं आणि जड काळे कण किनाऱ्यावर ठेवले. त्यातले थोडे तुमच्या चड्डीच्या खिशातून घरापर्यंत आले.

रत्नागिरीत तर एकाच गावाला दोन रंगांचे समुद्र आहेत. मांडवीच्या बाजूला काळा समुद्र, मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. पाणी दोन्हीकडे तेच, नावं पडली ती वाळूवरून. या भागातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं आणखी एक खनिज आहे. ते जरा आळशी, साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही. पण त्यात टायटॅनियम असतं, आणि त्यापासून काय बनतं सांगू? पांढरा रंग! भिंतीला देतात तो. काळ्याकुट्ट वाळूतून पांढराशुभ्र रंग निघतो हे मला अजूनही जादूचं वाटतं. खाली मालवणकडे गेलात तर तिथली वाळू उजळ, कारण त्या बाजूचे खडकच निराळे. तिथे काचेसारख्या कणांचं, म्हणजे क्वार्ट्झचं राज्य आहे.

वळलेले गुलाबी-पांढरे कण मात्र दगडाचे नाहीत अशी शंका आली असेल, तर त्यांच्यावर लिंबू पिळा. व्हिनेगर असेल तर अधिक चांगलं. भिंग डोळ्याला लावून बघत राहा. कणांच्या अंगावर बारीक बुडबुडे धरतील आणि सुटून वर येतील. हे शिंपल्यांचे तुकडे. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्याला आम्ल लागलं की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सोड्याच्या बाटलीतला वायू तो हाच. काळ्या आणि काचेसारख्या कणांवर तेच लिंबू पिळा, त्यांना ढिम्म काही होणार नाही. (आईनं हौसेनं कपाटात ठेवलेल्या मोठ्या शिंपल्यावर हा प्रयोग करू नका. त्याची चकाकी जाते आणि मग आपलं काही खरं नसतं.)

आता किल्ल्याकडे येऊ. दिवाळीत आपण किल्ला करतो तो मातीचा. माती चिकट असते, एकदा थापली की राहते. वाळूचं तसं नाही. कोरडी वाळू कितीही थापा, बुरूज घसरणारच. पाण्याच्या अगदी कडेची निथळती वाळू घेतली तर तिचा लगदा होऊन तोही बसतो. मधली, नुसती ओलसर वाळू मात्र ताठ उभी राहते. कारण दोन कणांच्या मधल्या फटीत पाण्याचा इवलासा थेंब अडकतो आणि पृष्ठताणामुळे दोघांना आपल्याकडे ओढून धरतो. असे लाखो थेंब मिळून तुमचा बुरूज सांभाळतात. पाणी जास्त झालं की सगळ्या फटी भरून जातात, थेंबांना ओढायला पृष्ठभागच उरत नाही, आणि सिंधुदुर्ग कोसळतो. 2012 साली शास्त्रज्ञांच्या एका गटानं या विषयावर रीतसर शोधनिबंध लिहिला. मजबूत किल्ल्यासाठी पाणी किती हवं, तर वाळूच्या सुमारे शंभराव्या भागाइतकंच! म्हणजे लिटरभर कोरड्या वाळूला दोन चमचे. शिवाय वाळू नीट ठोकून बसवायची. तुम्ही किनाऱ्यावर बादल्याच्या बादल्या ओतत होतात ना?

ओल्या वाळूवर चालताना आणखी एक गंमत तुमच्या पायाखाली घडली असेल. पाय टेकला की भोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी दिसते. वजन पडल्यावर खरं तर पाणी पिळून वर यायला हवं. मग ते गेलं कुठे? लाटांनी वाळूचे कण अगदी गच्च बसवलेले असतात. पायानं दाबलं की त्यांना हलण्यासाठी एकमेकांच्या अंगावर चढावं लागतं, त्यामुळे मधल्या फटी मोठ्या होतात आणि वरचं पाणी त्यात खाली ओढलं जातं. ऑसबोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञानं 1885 मध्ये याचं कारण उलगडून दाखवलं.

त्याचा प्रयोग घरी पैजेसाठी फार उपयोगी पडतो. पाण्याची मऊ, पारदर्शक बाटली घ्या. ती वाळूनं जवळजवळ भरा. मूठभर वाळू पुरणार नाही, तेव्हा कुठे बांधकाम चालू असेल तिथून विचारून थोडी आणा आणि धुऊन घ्या. बाटली टेबलावर हलके हलके आपटत पाणी घाला, म्हणजे वाळू घट्ट बसेल. पाणी वाळूच्या थोडं वर, बाटलीच्या गळ्यापर्यंत येऊ द्या. आता घरातल्या सगळ्यांना विचारा, ‘बाटली दाबली तर पाणी वर येईल की खाली जाईल?’ सगळे म्हणतील वर येईल, सांडेल, खाली पेपर घाल. दोन्ही हातांनी दाबा. पाणी खाली जातं! पैजेत काय लावायचं ते तुम्ही ठरवा.

वाळूबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर किनाऱ्यावरची वाळू किंवा शिंपले नेणं गुन्हा आहे. 2019 मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत 14 बाटल्यांत भरलेली सुमारे 40 किलो वाळू सापडली आणि त्यांच्यावर खटला भरला गेला. म्हणून माझा नियम साधा आहे. चपलेतून आली ती वाळू आपली, बाटलीत भरून आणायची नाही.

शिंपल्यांचंही तेच. रिकामा शंख आपल्याला रिकामा दिसतो, पण शंखात राहणाऱ्या खेकड्यासाठी ते भाड्यानं मिळणारं घर असतं. त्याचं पोट मऊ असतं, त्याला स्वतःचं कवच पुरत नाही, आणि तो वाढला की मोठं घर शोधावं लागतं. स्पेनमधल्या एका किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी सुमारे 30 वर्षांच्या अंतरानं शिंपले मोजले. तेवढ्यात पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले होते आणि शिंपले निम्म्याहूनही कमी उरले होते. आणायचाच असेल तर एखादा असा शिंपला आणा, ज्याला टोकाजवळ अगदी गोल, गुळगुळीत भोक आहे. ते भोक लाटेनं पडलेलं नसतं. नॅटिका नावाच्या समुद्री गोगलगायीनं ते पाडलेलं असतं. ती शिंपल्यावर बसते, आम्लानं कवच मऊ करते, काटेरी जिभेनं तासते आणि आतल्या प्राण्याला त्या भोकातून खाऊन टाकते. भोकाची कड नीट बघा, बाहेरच्या बाजूला रुंद आणि आत निमुळती झालेली दिसेल. एखाद्या गुन्ह्याचा पुरावा तुमच्या हातात आहे!

शंख कानाला लावला की समुद्र ऐकू येतो, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलेलंच असणार. कोणी असंही सांगतं, की तो आपल्याच रक्ताचा आवाज. दोन्ही खरं नाही. रक्ताचा असता तर जिना चढून-उतरून धापा टाकत शंख कानाला लावल्यावर तो वाढला असता. करून बघा, नाही वाढत. आता स्वयंपाकघरातलं स्टीलचं फुलपात्र कानाला लावा. आला की नाही समुद्र? लोट्याचा वेगळा, पातेल्याचा आणखी घुमणारा. खोलीत पंखा, फ्रिज, रस्त्यावरची रिक्षा अशा शंभर बारीक आवाजांची कुजबुज चालूच असते. शंखातली किंवा फुलपात्रातली हवा त्यातले ठराविक सूर निवडून घुमवते. बारकं भांडं चढा सूर निवडतं, मोठं खालचा. रात्री सगळं सामसूम झाल्यावर तोच शंख लावलात तर त्याची गाजही मंदावते.

मग खऱ्या समुद्राची गाज कशाची? पाण्यावर पाणी आपटतं म्हणून, असं मीही एके काळी समजत होतो, आणि ते अगदीच चूक नाही. पण तो आवाज मुख्यतः बुडबुड्यांचा असतो. लाट फुटते तेव्हा पाण्यात हवा कोंडली जाते, तिचे असंख्य बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा तयार होतानाच थरथरतो, वाजतो. 1933 साली मार्सेल मिनार्ट या डच शास्त्रज्ञानं त्याचं गणित मांडलं. 1 मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 3,300 वेळा थरथरतो, 1 सेंटिमीटर त्रिज्येचा सुमारे 330 वेळा. म्हणजे छोटा बुडबुडा चढ्या सुरात गातो, मोठा खालच्या. लाट फुटताना मोठे बुडबुडे घुमतात, आणि मग फेस वाळूवर पसरतो तेव्हा बारीक बुडबुडे फुटत फुटत सळसळतात. आधी धड्डाम आणि मग सऽऽऽ, हे काय असतं ते आता कळलं ना?

यावरून नळाची गंमत आठवली. गळक्या नळाचं टप्‌ टप्‌ बादलीत कशानं वाजतं? केंब्रिज विद्यापीठातले अनुराग अगरवाल ब्राझीलमध्ये मित्राकडे उतरले होते. तिथे छत गळत होतं आणि त्या टपटपीनं त्यांना झोप येईना. दुसरा कोणी कूस बदलून पडला असता. यांनी परत येऊन वेगवान कॅमेरा आणि पाण्यातला माइक लावला. 2018 मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं, की आवाज थेंब आपटण्याचा नसतो. थेंबाच्या खाली पाण्यात एक छोटा बुडबुडा कोंडला जातो आणि तो थरथरतो, त्याचा तो आवाज. उपायही त्यांनीच सांगितला. बादलीत भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाका. पृष्ठताण बदलतो, तो बुडबुडा अडकत नाही, नळ गळतच राहतो आणि आवाज मात्र बंद! हे रात्री करून बघा आणि सकाळी प्लंबरलाही बोलवा.

निव्वळ कान तृप्त करायचे असतील तर ताटात मूठभर मोहरी घ्या, डोळे मिटा आणि ताट हळूहळू एका बाजूला कलंडवा, मग दुसऱ्या बाजूला. अंजर्ल्याला बसल्याचा भास होईल. मोहरी सांडली तर गोळा करायची जबाबदारी माझी नाही.

घरी समुद्राचं पाणी करणंही सोपं आहे. एका लिटरमागे समुद्रात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणून लिटरभर पाण्यात साधारण सहा सपाट चहाचे चमचे मीठ विरघळवा. आता त्यात एक ताजं अंडं सोडा, अंडं चालत नसेल तर छोटा बटाटा. तुम्हाला वाटेल, खारं पाणी, तेव्हा तरंगणार. नाही, बुडतो! खऱ्या समुद्रातही तो बुडालाच असता. एकेक चमचा मीठ वाढवत जा, ढवळा, थांबा. सुरुवातीच्या तिप्पट-चौपट मीठ झालं की तो हळूच तळ सोडून वर येईल. इस्राएल आणि जॉर्डनच्या मधल्या मृत समुद्रात आपल्या समुद्राच्या जवळजवळ दहापट क्षार आहेत. म्हणून तर तिथे माणसं पाण्यावर पडून पेपर वाचू शकतात.

बटाट्याचा खेळ झाला की दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत नव्यानं केलेलं समुद्राचं. दोन्ही अर्ध्या भरा, झाकणं लावून एकदमच जोरात हलवा आणि उजेडाकडे धरा. खाऱ्या पाण्यातले बुडबुडे बारीक असतात आणि जास्त वेळ टिकतात, कारण मीठ असलं की बुडबुडे एकमेकांत सहजी मिसळून मोठे होत नाहीत. नदीच्या पाण्यापेक्षा समुद्राला जास्त फेस का येतो याचं हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं म्हणजे समुद्रात मेलेल्या शेवाळाचा वगैरे विरघळलेला अंश, जो साबणाचं काम करतो.

समुद्रात डुंबून आल्यावर अंग चिकचिक का होतं, दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी पुन्हा दमट का लागतात? समुद्राच्या पाण्यात खायच्या मिठाबरोबर मॅग्नेशियमचे क्षारही असतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात. पेण-उरणकडची मिठागरं पाहिलीत तर तिथले लोक मीठ धरल्यावर उरलेलं कडू पाणी सोडून देतात. हे क्षार त्या पाण्यात जातात. कपडे एकदा गोड्या पाण्यातून काढले की झालं काम.

वासाचं थोडक्यात सांगतो. समुद्राचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्यात डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूचा हात आहे. समुद्रातली सूक्ष्म शेवाळं एक पदार्थ तयार करतात आणि जिवाणू त्यापासून हा वायू बनवतात. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये जिवाणूंमधला त्यासाठीचा एक जनुक शोधून काढला. काही समुद्रपक्षी याच वासाच्या मागावर जाऊन खाद्य शोधतात. हा वायू घरी हवा असेल तर मक्याची कणसं उकडायला ठेवा. झाकण काढल्यावर जो वास येतो त्यात तो असतोच. कणीस खाऊनही टाका, विज्ञानाची काही हरकत नाही.

आणि आता शेवटची गोष्ट, मला सगळ्यात आवडणारी. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर रॉस्कॉफ गावाजवळ वाळूत एक हिरवा किडा राहतो, काही मिलिमीटर लांबीचा. हिरवा अशासाठी, की त्याच्या अंगात शेवाळ राहतं आणि ऊन मिळालं की तेच त्याला जेवू घालतं. ओहोटी लागली की हे हजारो किडे वर येऊन ऊन खातात. भरती येऊ लागली की वाहून जाऊ नये म्हणून वाळूत शिरतात. शास्त्रज्ञांनी त्यांना वाळूसकट उचलून प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात ठेवलं. तिथे ना लाटा, ना भरती. तरी काही दिवस ते किडे समुद्रावर ओहोटी असेल त्याच वेळी वर येत राहिले आणि भरतीच्या वेळी खाली जात राहिले. आपल्या खाड्यांच्या चिखलात एक डांगी भलतीच मोठी असणारा फिडलर खेकडा दिसतो ना, त्याच्या जातभाईंनाही असंच भरतीचं घड्याळ असतं.

आपल्या अंगात असं घड्याळ नाही. पण भिंतीवर कॅलेंडर आहे, आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक हिशोब आहे. तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. आज पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणून पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. दिवसात भरती दोनदा येते, म्हणून तीच वेळ दुपारआधीची आणि थोड्याफार फरकानं दुपारनंतरचीही. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण इतक्या सोप्या हिशोबाला तेवढं माफ.

हा हिशोब जुळतो, कारण तिथी चंद्राची आणि भरतीही चंद्राची. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला तिला आणखी सुमारे 50 मिनिटं लागतात, म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात आणि समुद्राला उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात ओढतात, म्हणून भरती बेताची, तिला भांगाची भरती म्हणतात. नाशिकला, नागपूरला किंवा पार न्यू जर्सीत बसूनही तुम्ही सांगू शकता, की या घटकेला हर्णैच्या बंदरात पाणी चढतंय की उतरतंय. वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी काढणारे चिमुकले खेकडे किनाऱ्यावर कधी कामाला लागतील तेही कळेल. ते ओहोटीलाच बाहेर येतात, वाळूतलं खाद्य चाटून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती मांडतात.

तेव्हा आज कोणती तिथी आहे ते बघा, पाऊणपट करा, आणि कोकणात कोणी मामा, आत्या, मित्र असेल तर फोन करून त्यांच्याकडून हिशोब तपासून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा. हा हिशोब घरबसल्या गमतीचा आहे. पुढच्या सुट्टीत प्रत्यक्ष पाण्यात उतरण्याआधी भरतीची वेळ आणि पाण्याची ओढ गावातल्या कोळीबांधवांना विचारा, आणि ते ‘आज नको’ म्हणाले तर नकोच.